दारूबंदीच्या गावात बिअरची टाकी

लोक सुरतेला साड्या घ्यायला जातात. मी बिअरची टाकी घ्यायला गेले होते.

हे सांगितलं की माणसं आधी हसतात, मग विचारतात, "अगं, पण तिथे तर दारूबंदी!" हो, आहे. पण बंदी दारूला आहे, स्टीलला नाही. नाशिकच्या बाहेर माझा आणि माझ्या भागीदाराचा छोटा बिअरचा कारखाना आहे. छोटा म्हणजे इतका की बॉयलरवरही मीच चढते आणि फरशीही मीच धुते. आम्हाला बिअर आंबवायची एक हजार लिटरची टाकी हवी होती. जर्मन टाकीचा भाव ऐकून भागीदाराने लॅपटॉप मिटला आणि चहा सांगितला. तेव्हा मला कैलास आठवला.

कैलास माझा मामेभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मामा शहाद्याकडून सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला आला आणि रंगाच्या वाफेतच म्हातारा होऊन वारला. कैलासने मात्र मिलची पायरी चढायची नाही असं ठरवलं आणि वेल्डिंग शिकला. आता तो इच्छापोरला एका वर्कशॉपमध्ये डेअऱ्यांसाठी दुधाच्या टाक्या बनवतो. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर पोरांचे फोटो टाकतात, हा वेल्डिंगच्या सांध्यांचे टाकतो. सांधे असे की बोट फिरवलं तर कुठे जोडलंय ते कळू नये.

पण दुधाची टाकी वेगळी, बिअरची वेगळी. दुधाला दाब नसतो. बिअर आंबताना तिच्यातला वायू आत धरून ठेवावा लागतो, आणि एक सांधा जरी कच्चा निघाला तरी टाकी भंगारात. कैलासच्या शेठने, भरतभाईंनी, नाराजीनेच होकार दिला होता. टाकी दाबाच्या पहिल्याच चाचणीत टिकली तर कैलासला स्वतःच्या खुणेचा पंच मिळणार होता. पक्क्या वेल्डरला तसा पंच असतो, आपण जोडलेल्या सांध्याशेजारी तो आपली खूण ठोकतो. नाही टिकली तर कैलासने परत दुधाचे कॅन डागायचे. आणि मी भागीदाराला छाती ठोकून सांगून बसले होते की माझा भाऊ करील. म्हणजे नाक दोघांचं होतं, कापायला एकच सुरी पुरणार होती.

कोसाड

सापुताऱ्याच्या नाक्यावर पोलीस गाडीत चढले. महाराष्ट्रातून येणाऱ्या बॅगा ते मन लावून बघतात. माझ्या बॅगेत बाटली नव्हती, पण माल्टची पिशवी होती. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं, भाजलेलं सातू, म्हणजे जव, त्याचीच बिअर होते. टाकीत काय पडणार ते कैलासला बघायचं होतं म्हणून घेतलं होतं. हवालदाराने पिशवी उघडून वास घेतला, मला विचारलं हे काय, आणि मी खरं तेच सांगितलं, की धान्य आहे. पटेना. शेवटी मी मूठभर तोंडात टाकून चावून दाखवलं. मग त्यानेही दोन दाणे चावले, गोड लागले म्हणून आणखी थोडे घेतले, आणि मला जाऊ दिलं. गुजरातचा गोडाचा शौक मला तिथेच भेटला.

अमरोलीच्या पुढे कोसाडच्या वसाहतीत मामीचं घर आहे. एकासारख्या एक इमारती, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, आणि जिन्यात पाय ठेवला की कुठल्या मजल्यावर कुठल्या जिल्ह्याचं कालवण शिजतंय ते नाकाला कळतं. तिसऱ्या मजल्यावर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा वास आला आणि मी न विचारता दार ढकललं.

"कवय उनी व माय?" मामी म्हणाली. कधी आलीस, एवढंच. पण अहिराणीत कोणी मला हे विचारलं की घरी आल्यासारखं वाटतं. नाशिकला कोणी विचारत नाही.

कैलासची बायको बाळंतपणाला नंदुरबारला माहेरी गेलेली, म्हणून घरात दोघंच मायलेक. कैलास कामावरून आला तेव्हा त्याच्या भुवया भुरक्या झालेल्या, डोळे लाल. जेवताना मी कौतुक करायला लागले तर म्हणाला, ताई, आधी चाचणी होऊ दे. मामीने माल्ट हातावर घेतलं, एक दाणा दाताखाली फोडला आणि निकाल दिला, "हाई तं सातू शे व." मोड आणलेल्या सातूपासून मी काय करते ते तिला ठाऊक होतं. तिने त्यावर एकदाही नाक मुरडलं नाही. फक्त म्हणाली की धान्य चांगलं आहे, आणि तिने मला आणखी भाकरी वाढली.

इच्छापोर

टाकी पहिल्यांदा बघितली आणि मी तिच्याभोवती दोनदा फिरले. वर घुमट, खाली निमुळता होत गेलेला तळ, आणि त्या मंद चकाकणाऱ्या पत्र्यात माझा चेहरा माझ्यापेक्षा बरा दिसत होता. आत जायला वरच्या झाकणातून एक माणूस जेमतेम मावतो. कैलास रोज त्या झाकणातून आत उतरून, उकिडवा बसून, आतले सांधे घासत होता. बाहेरून दिसणारं काम कोणीही छान करतो हो. ह्याने कोणाला कधी दिसणार नाही ते काम छान केलं होतं.

भरतभाई पांढऱ्या शर्टातला, गोल, हसरा माणूस. त्यांनी मला टाकीच्या तळाशी नेलं आणि मोठ्या अभिमानाने एक वॉल्व्ह दाखवला. टाकी सगळी आपली, पण तळाचा वॉल्व्ह त्यांनी बाहेरून मागवला होता. "बेन, इंपोर्टेड एटले इंपोर्टेड," ते म्हणाले, म्हणजे बाहेरचं ते बाहेरचंच. कैलास शेजारीच उभा होता. त्याने मान खाली घातली आणि फडक्याने उगाच हात पुसले. मला राग आला, पण पाहुणी होते.

संध्याकाळी पूजा झाली, कारण दुसऱ्या दिवशी उत्तरायण. त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरतेत कोणी हातोडा उचलत नाही, पतंगच उचलतात. चाचणी सुट्टीनंतर ठरली. टाकी आतून धुऊन ठेवली होती, निथळायला तळाचा वॉल्व्ह किंचित उघडा. मामी खास नवं लुगडं नेसून आली. तिने टाकीला हळदकुंकू लावलं, शिडीवर चढून उघड्या झाकणातून आत डोकावून पाहिलं, "भांडं मोठं शे" म्हणाली. सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले, नारळ फुटला, प्रसाद वाटला, झाकण लागलं आणि आम्ही घरी आलो.

वाटेत कैलासने पोंक खाऊ घातला. पोंक म्हणजे आपला हुरडाच, ज्वारीचा. पण आपण हुरडा शेतात शेणीच्या आगट्याभोवती मांडी घालून खातो, आणि सुरतेत तो रस्त्याकडेला तंबूत, तिखट शेव आणि साखरेचे मणी घालून मिळतो. हुरड्यात साखर! मी नाक मुरडलं, आणि मग दोन पुड्या संपवल्या.

उत्तरायण, भरतभाईंची गच्ची

भरतभाईंनी आम्हा तिघांना गच्चीवर बोलावलं. आख्खं शहर गच्चीवर होतं. आभाळात पतंग इतके की पक्ष्यांनी सुट्टी घेतली असावी. खाली उंधियू, जलेबी, तिळाची चिक्की. मामी एका कोपऱ्यात खुर्चीवर बसून, पतंग कटला की कोणाचा का असेना, टाळ्या वाजवत होती.

मी बिअर करते हे कळल्यावर भरतभाईंनी मला बाजूला घेऊन मनातलं विचारलं. ते कधीमधी दमणला जातात, तिथे बंदी नाही. तिथे विदेशी बिअरची एक बाटली घेतात, आणि त्या पैशात आपल्याकडच्या छोट्या कारखान्याच्या दोन येतात. मग विदेशी चांगली असणार, नाहीतर इतकी महाग का? हिऱ्याच्या गावातला माणूस, भावावरून माल ओळखायची सवय.

मी म्हटलं, शेठ, तुमच्या पुढ्यातला उंधियू बघा. हाच मी नाशिकला मागवला, बर्फात घालून विमानाने, तर त्याचा भाव चौपट होईल. मग तो तुम्ही आता खाताय त्यापेक्षा चवदार होईल का? ते म्हणाले, छे, शिळा होईल. म्हटलं, बिअरचं तेच. बिअर म्हणजे बहुतेक पाणीच. ते पाणी काचेच्या जड बाटलीत भरायचं, कंटेनरमध्ये घालायचं, महिना दीड महिना समुद्रावर उन्हात तापवायचं, बंदरावर उतरवायचं. मग त्यावर सीमाशुल्क, मग आणणाऱ्याचा नफा, मग राज्याचा कर, मग ठोकवाल्याचा नफा, दुकानदाराचा नफा. प्रत्येक जण आधीच्याच्या भावावर आपला टक्का चढवतो. वाटेत फुटल्या, मुदत संपली, त्याही बाटल्यांचे पैसे तुमच्याच बाटलीत. तुम्ही त्या बिअरच्या प्रवासखर्चाचे पैसे देताय, चवीचे नाही.

खोटं बोलत नाही, आमचीही फार स्वस्त नसते. मोठ्या कारखान्यापेक्षा महागच, कारण आम्ही थोडी करतो, माल्ट भरपूर घालतो, आणि कडवटपणासाठी लागणारी हॉप्सची फुलं आम्हीही बाहेरूनच आणतो. पण फुलं हलकी असतात. पोतंभर फुलांमध्ये कितीतरी बिअर होते. पाणी आमचं इथलं, हात आमचे इथले, आणि बाटली पोहोचते ताजी.

भरतभाईंनी सगळं नीट ऐकलं. मग गालातल्या गालात हसत म्हणाले की बेन, बरोबर असेल, पण तळाचा वॉल्व्ह इंपोर्टेड आहे म्हणून मी आज शांत झोपणार. कैलास जवळच मांजा गुंडाळत होता. त्याने ऐकलं.

पुन्हा इच्छापोर

टाकी काठोकाठ पाण्याने भरली. हातपंपाने दाब चढवला. दाबाच्या तबकडीवरचा काटा तीनवर आला, कैलासने पंप बंद केला. आता तासभर काटा हलता कामा नये. भरतभाई, मी, कैलास, आणि वर्कशॉपमधली सगळी माणसं हातातली कामं टाकून त्या तबकडीपुढे उभी. मामीही आली होती, तिला कोणी थांबवू शकत नाही.

दहा मिनिटांनी काटा खाली सरकला. अगदी केसभर. मी म्हटलं, भास असेल. पंधरा मिनिटांनी तो भास राहिला नाही.

कैलास टाकीखाली आडवा झाला. तळाला पाण्याचा थेंब धरला होता. पुसला, परत धरला. तिथे दोनच गोष्टी होत्या, वर कैलासचा सांधा आणि त्याच्या बोटभर खाली तो बाहेरून आणलेला वॉल्व्ह. भरताना सांडलेल्या पाण्याने सगळंच ओलं, थेंब कुठून येतोय ते कळेना. पण वर्कशॉपमधल्या एकाही माणसाने वॉल्व्हकडे पाहिलं नाही. सगळे सांध्याकडे बघत होते. भरतभाई चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले.

कैलास बाहेर आला. चेहरा उतरलेला. त्याने ग्राइंडर उचलला. दाब सोडून, पाणी काढून, स्वतःचा सांधा घासून टाकायचा आणि नव्याने जोडायचा, असं त्याने मनात ठरवून टाकलं होतं. तसं केलं की हरल्याची कबुलीच होती. पहिल्याच चाचणीत टिकली तर पंच, असा करार होता.

मी त्याचा हात धरला. म्हटलं, आधी वॉल्व्ह उघड.

"ताई, वॉल्व्ह इंपोर्टेड आहे. तो कशाला गळेल? माझंच काहीतरी चुकलं असेल."

हे ऐकून माझं डोकं सटकलं. अहो, ज्याने पाच आठवडे त्या टाकीच्या पोटात बसून काम केलं, तोच असं म्हणतो! शेठ म्हणाले असते तर मी समजू शकले असते. मी फटकळ आहे, सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, माझ्या कारखान्यात वर्षाकाठी दहादा वॉल्व्ह गळतो, आणि कारण प्रत्येक वेळी एकच असतं, पाकळीत, म्हणजे आतल्या उघडमीट होणाऱ्या चकतीत, काहीतरी अडकतं. तुझ्या सांध्याला हात लावायच्या आधी तो बाहेरचा वॉल्व्ह उघड. नाही सापडलं काही, तर मी स्वतः ग्राइंडर धरते.

पाणी काढलं. वॉल्व्ह सोडवला. कैलासने तो उजेडात धरला आणि बघतच राहिला. रबराच्या कडेवर, पाकळीच्या खाली, एक गव्हाचा दाणा चेपून बसला होता. चेपलेला, पण पांढरा बारीक मोड फुटलेला.

काढताना पहिलं आलेलं पाणी खाली बादलीत धरलं होतं. त्यात आणखी गहू. चांगला मूठभर. सगळ्याला मोड.

मी माल्टची पिशवी आणली होती, म्हणून सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. पण माझं सातू होतं आणि भाजलेलं. भाजलेल्याला मोड येत नाहीत. मग मी हळूच मामीकडे पाहिलं. मामी लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत होती.

"नवं भांडं कोनी रिकामं देस का?" ती म्हणाली.

बस. सगळा उलगडा झाला. आपल्याकडे कोणाच्या घरी भांडं रिकामं देत नाहीत. शेजारणीची वाटीसुद्धा परत करताना तिच्यात चिमूटभर साखर घालतात. पूजेच्या वेळी सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा मामीने शिडीवरून हात आत घालून मूठभर गहू आणि गुळाचा खडा टाकला होता. भाचीच्या नव्या भांड्याला. आत ओल होती, झाकण बंद, तीन दिवस. सुरतेतला पौषही उबदार. गव्हाला मोड फुटले, गूळ विरघळला. म्हणजे माझ्या टाकीतलं पहिलं माल्ट मामीनेच केलं, आणि तेही गुजरातेत!

"मनी चूक व्हयनी," मामी हळू आवाजात म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. पोराचं नाव आपण बुडवलं असं तिला वाटत होतं. कैलास तिच्याजवळ गेला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

वॉल्व्ह धुतला, बसवला. टाकी आतून परत धुतली. पाणी भरलं, दाब चढवला. ह्या वेळी भरतभाईंनी खुर्ची मागवली आणि तबकडीसमोर बसून राहिले. अर्धा तास झाला, तास झाला. काटा तीनवर खिळा मारल्यासारखा. ते उठेनात. दुसरा तासही बसले. मग उठून ऑफिसात गेले आणि एक छोटी लाकडी पेटी घेऊन आले. पंच त्यांनी आधीच करून आणलेला होता. म्हणजे माणूस वाईट नाही, फक्त कबूल करायला त्याला दोन तास लागतात.

"कैलासभाई, ठोको," ते म्हणाले. तोवर मी त्यांना कैलास एवढंच म्हणताना ऐकलं होतं.

कैलासने जागा निवडली ती तळाची, बरोबर त्या सांध्याशेजारी, जो तो घासून टाकणार होता. हातोडीचा एकच ठोका. मी खाली वाकून पाहिलं, दोन अक्षरं आणि एक आकडा, तांदळाएवढे. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

नाशिक

निघताना मामीने मला डबा दिला, कळण्याच्या पिठाचा, आणि वेगळी गव्हाची पुडी. ही हातात घे, भांड्यात नको, असं बजावून सांगितलं. पहिल्या बिअरमध्ये मी तो गहू मोड आणून घातला. मूठभराने हजार लिटरची चव बदलत नाही, हे मला शास्त्र म्हणून माहीत आहे. तरी घातला.

टाकी बसवायला कैलास आला, आणि त्र्यंबकेश्वरचं निमित्त काढून भरतभाईही. कैलास दारूला शिवत नाही, तो लिंबू सरबत पीत टाकीला हात लावून उभा राहिला. भरतभाईंनी ग्लास उजेडात धरला, हिरा धरतात तसा, आणि सावकाश प्याले. भाव विचारला, दमणच्या विदेशी बाटलीच्या निम्म्याहून कमी होता. त्यांनी ग्लास पुन्हा भरायला पुढे केला. तेवढ्यात दुसरं एक गिऱ्हाईक कारखाना बघायला आलं आणि टाकीला टिचकी मारून म्हणालं, वा, इंपोर्टेड दिसते. मी तोंड उघडणार, त्याआधी भरतभाई त्या माणसाचं मनगट धरून त्याला तळाशी वाकायला लावत होते. ती खूण दाखवत होते. वॉल्व्हबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

मामीचा डबा रिकामा कसा पाठवू? बिअर तर पाठवता येत नाही. मी माल्ट दळून सातूचं पीठ केलं, गूळ घालून लाडू वळले आणि डबा भरून कैलासच्या हाती दिला. चार दिवसांनी मामीचा फोन आला. लाडू पोहोचले, सुनेलाही पाठवले, असं सांगितलं. मग तिने विचारलं, कैलासची टाकी गळत तर नाही ना? मी म्हटलं, नाही मामी, एक थेंबसुद्धा नाही. त्यावर तिने विचारलं, आणि त्या विलायती बिअरपेक्षा तुझी स्वस्त आहे म्हणे, भरतभाई सांगत होता. मी म्हटलं, हो, स्वस्त आहे. तिला ते मुळीच आवडलं नाही.

"न गळणारी शे ना?" मामी म्हणाली. "मंग विलायतीपेक्षा महाग इक."